चित्रं सुंदर काढते, पण प्लॅन-सेक्शन नको म्हणते

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. लहानपणापासून घरांची, इमारतींची चित्रं फार छान काढते आणि आर्किटेक्टच व्हायचं म्हणते. नुकतंच शाळेच्या एका कार्यशाळेत तिला प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन वगैरे प्रकार शिकवले. घरी येऊन म्हणाली, "किती कोरडं आहे हे, यात चित्र कुठंय?" तेव्हापासून तिचं मनच उडालंय. तिला ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावू का? की हे क्षेत्र तिचं नाहीच? – एक आई

उत्तर : नमस्कार. एका कार्यशाळेवरून क्षेत्र सोडायचं ठरवू नका, आणि क्लासची फीसुद्धा इतक्यात भरू नका.

तुमच्या मुलीला जे खटकलं ते खरोखरच तिथे आहे. चित्रकाराचं रेखाटन आणि वास्तुकाराचं रेखाटन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे ठामपणे मांडणाऱ्यांत एक मोठा चित्रकारच होता. १५१४ मध्ये रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाची सूत्रं राफाएल या इटालियन चित्रकाराकडे आली. साधारण १५१९ च्या सुमाराला पोप दहावे लिओ यांना लिहिलेल्या पत्रात त्याने इमारतीसाठी तीन रेखाटनं हवीत असं सांगितलं : जमिनीचा आराखडा, बाहेरची भिंत आणि आतली भिंत. म्हणजे आजचे प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान दाखवणारं चित्र, वास्तुकाराने टाळावं, कारण तिरकस आखूड झालेल्या रेषेवरून खरं माप घेता येत नाही, असं त्याचं म्हणणं. लांबची खिडकी लहान दिसते हे डोळ्याला बरोबर वाटतं, पण गवंड्याला ती खिडकी किती मोठी करायची हे त्यातून कळत नाही. हे तिला जरूर सांगा. आपण सुंदर काढतो त्याला कमी लेखलं जातंय, असं या वयात फार पटकन वाटतं.

कार्यशाळेत बहुधा सगळे प्रकार एका तक्त्यावर, व्याख्यांसकट शिकवले गेले असावेत. माझ्या मते शाळकरी मुलांसाठी ही सर्वांत वाईट पद्धत. त्याऐवजी पुठ्ठ्याची दोन सारखी खोकी घ्या आणि दोन्हींना दार-खिडक्या कापून घ्या. मग एक खोकं खिडकीच्या मधोमध आडवं कापा आणि वरून पाहा : हा प्लॅन. दुसरं वरून खाली उभं कापा आणि समोरून पाहा : हा सेक्शन. प्लॅन म्हणजे छतावरून दिसणारं दृश्य नव्हे, तो जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर घेतलेला आडवा छेद आहे, हे खोकं कापल्यावर एका क्षणात कळतं. रेषांचे नियमही त्यातूनच येतात. कापलेली भिंत जाड रेषेने, छेदाच्या खाली दिसणारं बारीक रेषेने, आणि डोक्यावरची तुळई किंवा झरोका तुटक रेषेने. जाड-बारीक रेषांवर तिचा हात आधीच बसलेला असेल. तिथे ती इतरांच्या पुढे आहे.

एलिव्हेशनला फार वेळ देऊ नका. समोरून सरळ पाहिलेली बाजू, लांब-जवळचा फरक नाही, बाजूची भिंत दिसत नाही, एवढं पुरे. आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणाऱ्या तिरप्या रेखाटनात, आडव्या कडा ३० अंशांत जातात आणि तिन्ही दिशांची मापं त्याच प्रमाणात राहतात. ते तिला आवडेल. साइट प्लॅन (पूर्ण जागेचा आराखडा) आणि बारीक डिटेल मागाहून आले तरी चालतील.

वेळ द्यायचा तो सेक्शनला, कारण विचार करायला लावतो तो सेक्शनच. जिन्याचं उदाहरण घ्या. दोन मजल्यांमधली उंची ३ मीटर आणि एका पायरीचा चढ १५ सेंटिमीटर धरला, तर २० चढ लागतात. शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावर नेतो, म्हणून पाय ठेवायच्या पायऱ्या १९. प्रत्येकीची रुंदी २५ सेंटिमीटर धरली तरी सरळ जिन्याला ४.७५ मीटर लांबी हवी. प्लॅनमध्ये तेवढी जागा आहे का? नसेल तर जिना वळवायचा, मध्ये लँडिंग (सपाट टप्पा) द्यायचं. आणि चढणाऱ्याचं डोकं वरच्या स्लॅबला लागेल का, हे तर प्लॅनमध्ये दिसतच नाही. सेक्शन काढावा लागतो, मग परत प्लॅन खोडावा लागतो. ही ये-जा म्हणजेच डिझाइन. ती एकदा अनुभवली की 'कोरडं' हा शब्द मुलं सहसा पुन्हा वापरत नाहीत.

सुरुवात मात्र तिच्या खोलीपासून होऊ द्या. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा. लांबी-रुंदीबरोबर दोन्ही कर्ण मोजा. ३.६ बाय ३ मीटरची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण जवळपास ४.६९ मीटर भरतील, आणि वेगवेगळे आले तर खोली तिरपी आहे. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. खिडकीचं सिल (खालची कड) आणि लिंटेल (वरची आडवी पट्टी) जमिनीपासून किती उंच, हेही लिहून घ्या, नाहीतर सेक्शन अडेल. मग १:५० या स्केलने काढायला सांगा, म्हणजे १ मीटरला २ सेंटिमीटर. ती खोली कागदावर ७.२ बाय ६ सेंटिमीटरची होईल.

या वेळी तिच्याकडे लक्ष ठेवा. रेषा किती देखण्या आल्या यापेक्षा मापं जुळली नाहीत तेव्हा ती काय करते, ते पाहा. स्वतःहून टेप घेऊन परत मोजायला गेली, तर मला तिच्याबद्दल चांगली आशा वाटेल. दोन-चार रेखाटनांनंतरही जीव फक्त छाया, झाडं आणि आकाश रंगवण्यात रमत असेल, तर तेही तिचं बळ आहे. इलस्ट्रेशन, ॲनिमेशनची पार्श्वभूमी आणि न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब दृश्यं तयार करण्याचं काम, या सगळ्यांत त्याची गरज असते. नाटक-सिनेमाचं नेपथ्य मात्र त्यात धरू नका, तिथेही प्लॅन लागतोच.

राहिला सॉफ्टवेअरचा प्रश्न. तयार मॉडेलचा सेक्शन कॉम्प्युटर चुटकीसरशी काढून देतो, पण इमारत कुठून कापली तर अडचण दिसेल, हे काढणाऱ्यालाच ठरवावं लागतं. ऑटोकॅड, रेव्हिट यांसारखी साधनं पुढे अभ्यासक्रमात शिकवली जातात आणि काही वर्षांत बदलतातही. आत्ता टेप, पट्टी, गुण्या, आलेख कागद आणि दोन वेगळ्या जाडीच्या पेन्सिली एवढं पुरेसं आहे.