मॉन्गोडीबी या डेटाबेसमध्ये ऑब्जेक्टमधील संबंध साठवताना दोन्ही बाजूंना डीबीरेफ लावावा का?

विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये (कोडमधील ऑब्जेक्टच्या साच्यात) अभ्यासक्रमांची यादी आहे, अभ्यासक्रमाच्या क्लासमध्ये विद्यार्थ्यांची यादी आहे, आणि स्प्रिंग डेटा ही जावा लायब्ररी वापरताना दोन्हीकडे डीबीरेफ (दुसऱ्या डॉक्युमेंटकडे, म्हणजे मॉन्गोडीबीतील दुसऱ्या नोंदीकडे, निर्देश करणारा संदर्भ) लावावा का, असे आपण विचारले आहे. लावू नये. सबळ कारण नसेल तर साधा आयडी साठवावा, असे मॉन्गोडीबीचे अधिकृत मार्गदर्शनही सांगते. परंतु माझ्या एका जुन्या प्रकल्पातील आर्किटेक्टना ते कधीच पटले नाही.

औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी आम्ही बिलिंगची प्रणाली लिहीत होतो. हे आर्किटेक्ट हायबरनेटमध्ये (रिलेशनल, म्हणजे तक्त्यांच्या, डेटाबेससाठीच्या जावा लायब्ररीत) मुरलेले असल्यामुळे बिलातून ग्राहक, बिलाच्या प्रत्येक ओळीतून औषध आणि औषधातून उत्पादक, असा क्लासमधला प्रत्येक संबंध त्यांनी डीबीरेफने जोडला. डीबीरेफ म्हणजे फॉरेन की (जोडलेली नोंद खरोखर आहे याची खात्री करणारा रिलेशनल डेटाबेसचा नियम) नव्हे. ज्या डॉक्युमेंटकडे तो निर्देश करतो ते शिल्लक आहे की नाही हे डेटाबेस तपासत नाही, आणि स्प्रिंग डेटा बिलासोबत ग्राहकाला आपोआप सेव्हही करत नाही. वाचताना मात्र, लेझी (गरज पडेल तेव्हाच वाचण्याचा पर्याय) लावलेले नसेल तर, तो लगेच उलगडला जातो, म्हणजे बिलांची यादी उघडली की प्रत्येक बिलाच्या ग्राहकासाठी वेगळी क्वेरी जाते. हा संथपणा एक वेळ खपला असता, पण एका दुकानाने जागा बदलली आणि त्याच्या जुन्या बिलांच्या प्रती नव्या पत्त्यासह छापल्या जाऊ लागल्या. ग्राहकाचे नाव, पत्ता, औषधाचा दर आणि बॅच क्रमांक बिलाच्या डॉक्युमेंटमध्येच उतरवून ठेवावेत, असे मी आराखड्याच्या बैठकीत सांगितले होते. त्यावर एकच माहिती दोनदा साठवणे नॉर्मलायझेशनमध्ये (प्रत्येक माहिती एकाच जागी ठेवण्याच्या तत्त्वात) बसत नाही, असे उत्तर मिळाले. विक्रीच्या दिवशीचा पत्ता आणि आजचा पत्ता ही मुळात एकच माहिती नाही. (रिलेशनल डेटाबेसमध्येही ही रचना तितकीच चुकली असती, हे मान्य.) शिवाय एका डॉक्युमेंटचे लेखन एक तर पूर्ण होते किंवा होतच नाही, त्यामुळे बिल आणि त्याच्या ओळी एकत्र ठेवल्या तर ट्रान्झॅक्शनची (अनेक बदल एक तर सगळे किंवा एकही नाही, असे करण्याच्या सोयीची) गरजच उरत नाही, अनेक डॉक्युमेंटांवरची ट्रान्झॅक्शन तर 2018 मध्ये, 4.0 आवृत्तीत आली.

आपल्या बाबतीत अभ्यासक्रमांचे आयडी फक्त विद्यार्थ्याच्या डॉक्युमेंटमध्ये ठेवावेत, आयडींच्या त्या ॲरेवर (यादीवर) शोध जलद होण्यासाठी इंडेक्स करावा आणि अभ्यासक्रमाचे विद्यार्थी क्वेरीने काढावेत. दोन्ही बाजूंना याद्या ठेवल्यास प्रत्येक प्रवेशाला दोन डॉक्युमेंट बदलावी लागतात. अर्थात, सगळेच आत कोंबावे असेही नाही, कारण डॉक्युमेंटला 16 एमबीची मर्यादा आहे आणि हजेरीसारखी वाढत जाणारी नोंद वेगळ्या कलेक्शनमध्येच (डॉक्युमेंटांच्या गटात) हवी. प्रवेशाला तारीख किंवा गुण जोडलेले असतील तर प्रवेशाचेही स्वतंत्र कलेक्शन करावे, आणि त्या दिवशीचे शुल्क त्यातच उतरवून ठेवावे, मग बैठकीत कोणी नॉर्मलायझेशनचा दाखला देऊन अडवले तरी.