आधी नोंदीपाशी जा

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कंपनीला तीन महिन्यांत एआय हवंय, आणि आधी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी की मशीन लर्निंगचा, म्हणजे संगणकाला जुन्या नोंदींवरून शिकवण्याचा, कोर्स करावा, यात तू अडकून पडलायस. या प्रश्नाचा मला राग येतो, कारण त्याच्यापायी मी स्वतःची कितीतरी वर्षं घालवली.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंयस, की तक्रारींच्या नोंदी काउंटरवरची माणसं करतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. माझ्या दृष्टीने सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे. त्यांच्याकडे जा. नोंद जिथे होते तिथे आधी जा.

मी मागणीचा अंदाज बांधणारं एक मॉडेल, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकलेला प्रोग्रॅम, केलं होतं. चाचणीत ते उत्तम उतरलं. एका वस्तूची विक्री कित्येक आठवडे शून्य होती, म्हणून मॉडेलने तिला मागणीच नाही असं धरलं आणि आम्ही खरेदी थांबवली. प्रत्यक्षात माल संपला होता. फळी रिकामी असली तरी विक्रीच्या रकान्यात शून्यच पडतं! गोदाम सांभाळणाऱ्या बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्या एक जिना खाली बसायच्या. मी तो जिना उतरले नाही. पुढे सगळ्यांनी मॉडेलला दोष दिला आणि मी तो देऊ दिला. हे अजून टोचतं.

मोठमोठ्यांचंही हेच झालंय. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हे मॉडेलला ओळखता येत होतं, आणि एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण फार होते, त्यामुळे ज्या रुग्णालयांच्या फोटोंवर ते शिकलं, तिथे त्याचा अंदाज बरा वाटायचा. बाहेरच्या रुग्णालयातले फोटो दिल्यावर तो घसरला. त्याच वर्षी ॲमेझॉनच्या भरतीच्या प्रणालीची बातमी आली. १० वर्षांत आलेल्या अर्जांवर ती शिकली होती, ते बहुतेक पुरुषांचे होते, आणि ती बायकांचे अर्ज मागे टाकायला लागली. आकडे खोटे नव्हते. ते कुठून आले, एवढंच वेळेवर विचारलं गेलं नाही.

आता तू म्हणशील, डेटा साफ करायलाही एआय आहे. रिकामा रकाना ते भरेल रे, पण तो रिकामा का राहिला हे त्याला कोण सांगणार? चॅटबॉटला कंपनीची कागदपत्रं देणार असशील, तर रद्द झालेले नियम त्या फोल्डरमधून आधी काढ. नाहीतर तो जुनाच नियम सफाईने सांगेल आणि ग्राहक विश्वास ठेवेल.

कोर्स कर, जरूर कर. रात्री कर. दिवसा नोंदीपाशी जा.

नंतर एका कामात मी अडून बसले: नोंदी करणाऱ्यांबरोबर दोन आठवडे बसल्याशिवाय मॉडेलला हात लावणार नाही. मला आडमुठी म्हटलं, काम दुसऱ्याला दिलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. उद्या तीच वेळ आली तर तशीच अडून बसेन.

सोमवारी लॅपटॉप न घेता काउंटरमागे बस. तुझ्या एआयमुळे आपली नोकरी जाईल का, हे तिथली माणसं विचारतील. ठाऊक नसेल तर तसंच सांग, गोड बोलू नकोस. रांग वाढली की तक्रारीचा प्रकार न वाचता यादीतला पहिलाच पर्याय निवडला जातो का, ते बघ. तशा नोंदी किती निघाल्या ते मला कळव.