मुलांसाठी बिग माउंटन स्की-स्नोबोर्डची टीम उभी करायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की सॉल्ट लेक सिटीजवळच्या तुमच्या स्की एरियात रेसिंगचा क्लब आहे, पण बिग माउंटनचा, म्हणजे न आखलेल्या, कडे-दगडांच्या उतारावरून स्वतःची वाट निवडून उतरण्याचा, नाही. पाच-सहा पालक तयार आहेत, मुलगी अकराची, मुलगा तेराचा आणि तो स्नोबोर्डवाला. पुढच्याच हिवाळ्यात पोरं स्पर्धेला उतरवायची तर काय करावं?

मी तुमच्याच वॉसॅच डोंगररांगेतल्या एका क्लबमध्ये पालक म्हणून शिरलो आणि हळूहळू समितीवर येऊन बसलो, त्यामुळे स्पष्टच सांगतो. स्पर्धेपासून सुरुवात करू नका. ती सगळ्यात शेवटी येते, आणि एखादं वर्ष आलीच नाही तरी पोरांचं काही बिघडत नाही.

पहिली खेप स्की एरियाच्या ऑफिसात. पश्चिम अमेरिकेतले बरेचसे मोठे स्की एरिया फॉरेस्ट सर्व्हिसच्या (सरकारी वनखात्याच्या) जमिनीवर परवान्याने चालतात. तिथे पैसे घेऊन शिकवायचं तर एरियाची लेखी संमती लागते; चार पालकांनी मिळून एक कोच ठेवला आणि शनिवारी लिफ्टवर चढवला, असं चालत नाही. तुमच्याकडे रेसिंगचा क्लब आहे ना? मग वेगळी चूल मांडू नका. त्यांच्याच छत्राखाली एक फ्रीराईड (बिग माउंटनचंच दुसरं नाव) गट सुरू करा. ना-नफा नोंदणी, विमा, कोचची पार्श्वभूमी तपासणी, सेफस्पोर्टचं (खेळात मुलांचा छळ रोखण्याचं) प्रशिक्षण, हा सगळा जाच त्यांनी आधीच सोसलेला असतो. मोठ्या माणसाने मुलासोबत एकट्याने, इतरांच्या नजरेआड राहायचं नाही, हा नियम तर पहिल्या दिवसापासून पाळायचा.

दुसरी खेप स्की पॅट्रोलकडे, म्हणजे एरियाच्या सुरक्षा पथकाकडे, आणि ही जास्त महत्त्वाची. सकाळी स्फोटकं लावून बर्फ पाडायचा, कुठला भाग उघडायचा, कुठला दोरीने बंद ठेवायचा, हे तेच ठरवतात. एरियाच्या हद्दीत हिमस्खलन होत नाही, अशी बऱ्याच पालकांची समजूत असते. 10 जानेवारी 2024 ला कॅलिफोर्नियातल्या पॅलिसेड्स टाहो स्की एरियात हद्दीच्या आतच हिमस्खलन झालं आणि एक जण गेला. म्हणून बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं वापरायचा सराव अकरा वर्षांच्या पोरांनाही द्या. पुरलेला बीकन शोधायचा खेळ त्यांना भारी आवडतो. आणि पॅट्रोलने भाग बंद ठेवला तर त्यांच्याशी हुज्जत घालणारा कोच तुमच्या टीममध्ये नको.

कोच निवडताना मी त्यांची पदकं बघत नाही. एकच विचारतो: शेवटचं कुठल्या पोराला उडी मारू दिली नाहीत, आणि का? चांगल्या कोचकडे लगेच उत्तर असतं, तपशीलासकट. सहा पोरांमागे एक कोच, यापेक्षा जास्त पोरं मी तरी देणार नाही.

आता शिकवायचं काय? लोकांना वाटतं, कड्यावरून उड्या. डिसेंबरचा बराचसा वेळ साध्या उतारावरच जातो: आखूड वळणं, एका पायावर स्की, अरुंद जागेत आडवं घसरत उतरणं, हाक मारताच थांबणं. उडी नंतर, आणि तीही गुडघाभर उंचीच्या दगडावरून. त्यातही क्रम ठरलेला असतो. आधी कोच खाली जाऊन लँडिंगमध्ये प्रोब खुपसून बघतो, खाली दगड लपलाय का, बर्फ किती खोल आहे. मग पोरं उडी न मारता त्या लँडिंगवरून आणि पुढच्या मोकळ्या उतारावरून एकदा जातात. उडी त्यानंतर.

खरी मजा लाइन, म्हणजे उतरायची वाट, वाचण्यात आहे. समोरच्या उतारावरून अख्खा फेस, म्हणजे डोंगराची उतरायची बाजू, स्वच्छ दिसतो. फोनवर फोटो काढून पोरं त्यावर बोटाने रेघ ओढतात, सगळं सोपं वाटतं. वर जाऊन उभं राहिलं की फक्त बर्फाची कड दिसते आणि तिच्यापलीकडे थेट दरीतला पार्किंग लॉट. मधलं काहीच दिसत नाही. म्हणून खालूनच खुणा पाठ करायच्या: वाकडं झाड, त्याच्या डावीकडे दोन वळणं, मग काळ्या दगडाच्या वर थांबून बघणं. स्वित्झर्लंडमधल्या वर्बिएच्या बेक दे रोस शिखरावर स्पर्धेत उतरणाऱ्या व्यावसायिकांना तर तो कडा फक्त समोरून दुर्बिणीने बघायला मिळतो. ज्युनियरना साधारणपणे आधी प्रत्यक्ष उतरून बघू देतात, आणि ते बरंच आहे.

स्पर्धेत परीक्षक लाइन, कंट्रोल, फ्लुइडिटी (न अडखळता उतरणं), टेक्निक आणि स्टाइल बघतात. घड्याळ नाही. रेसिंगमधून आलेल्या पालकांना हे पचायला जड जातं, कारण मोठी उडी मारून पडलेलं पोर लहान उडी नीट मारणाऱ्याच्या मागे पडतं आणि वेळेचा पुरावा दाखवून भांडताही येत नाही.

उत्तर अमेरिकेत ज्युनियर स्पर्धा इफ्सा (IFSA) या फ्रीराईड संघटनेच्या नियमांनी होतात. गट तीन: बाराच्या आतले, 12 ते 14, आणि 15 ते 18. दुसऱ्या वर्षी जवळच्या एक-दोन प्रादेशिक स्पर्धा बघा. प्रवेश भराभर भरतात, त्यामुळे नोंदणीची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा. ग्रँड टार्गी हा स्की एरिया गाडीने चार-पाच तासांवर आहे. दोन-तीन कुटुंबांनी एकत्र खोल्या घेतल्या तर खिशाला झेपतं. बूट आणि स्की वापरलेले घ्या, पोरांचे पाय दरवर्षी वाढतात. हेल्मेट मात्र कुणी वापरलेलं घेऊ नका.

'ऑलिंपिक' हा शब्द तुमच्या बैठकीत नक्की निघेल. फिसने (FIS, आंतरराष्ट्रीय स्की महासंघ) 2022 मध्ये फ्रीराईड वर्ल्ड टूर ही व्यावसायिकांची स्पर्धामालिका ताब्यात घेतली आणि 2024 मध्ये या खेळाला अधिकृत प्रकार म्हणून मान्यता दिली, हे खरं. पण 2026 च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकमध्ये तो नव्हता. त्या भरवशावर तेरा वर्षांच्या पोराची शाळा बुडवू नका.

राहिला तुमचा स्नोबोर्डवाला. सरावाचे दिवस ठरवताना लक्षात घ्या, अल्टा या स्की एरियात स्नोबोर्डला बंदी आहे, त्यामुळे एकत्र टीम नेताना शेजारच्या स्नोबर्ड एरियासारखी जागा धरावी लागेल. बोर्डवाली पोरं कमीच असतात आणि त्यांना स्कीवाल्या कोचच्या मागे पिटाळलं की वर्षभरात गळतात, कारण सपाट आडव्या वाटेवर बोर्ड अडकतो आणि सगळे पुढे निघून गेलेले असतात. त्यांच्यासाठी बोर्डवर उतरणारा एक कोच सुरुवातीपासून ठेवा, भले त्याच्याकडे दोनच पोरं असोत. एरियाकडे भेट एप्रिलमध्येच मागा. तेव्हा त्यांची गर्दी ओसरलेली असते आणि पुढच्या सीझनचं नियोजन सुरू व्हायचं असतं.