कुंपण नसलेल्या कॅम्पमध्ये चार रात्री

प्रश्न : माझे वय ६३ असून यजमान ६८ वर्षांचे आहेत. मुलीने येत्या ऑगस्टमध्ये आमच्यासाठी केनियातील मसाई मारालगत, अवघे आठ तंबू असलेल्या एका कॅम्पमध्ये चार रात्रींची व्यवस्था केली आहे. तिथे भिंत नाही, कुंपण नाही आणि जनावरे रात्री तंबूंजवळून फिरतात, असे कळल्यापासून मला घोर लागला आहे. यजमानांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते, तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. हे आरक्षण रद्द करून एखाद्या मोठ्या, पक्क्या बांधकामाच्या लॉजमध्ये राहावे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आरक्षण रद्द करू नका. मुलीने फार विचारपूर्वक जागा निवडली आहे, असे मला मनापासून वाटते. तरीही आपली काळजी रास्त आहे, म्हणून आधी रात्रीचेच बोलू.

या कॅम्पमधील तंबू म्हणजे गिर्यारोहकांचा वाकून आत शिरायचा तंबू नव्हे. जाड कॅनव्हासची ती एक प्रशस्त खोलीच असते. आत पलंग, रजई, लिहायचे टेबल असते आणि मागच्या बाजूला, बहुतेक ठिकाणी त्याच कॅनव्हासच्या आडोशाला, कमोड व न्हाणीघर असते. त्यामुळे यजमानांना रात्री कितीही वेळा उठावे लागले, तरी तंबूबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. मात्र अगदी साध्या कॅम्पमध्ये स्वच्छतागृह वेगळे, काही पावलांवर असू शकते, म्हणून ते तंबूच्या आतूनच आहे ना, हे मुलीला लेखी विचारून घ्यायला सांगा. आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

चेन बंद केलेला तंबू जनावरांच्या लेखी एखाद्या मोठ्या खडकासारखा असतो आणि ती त्याला वळसा घालून निघून जातात. त्यांना आत ओढून आणणारी गोष्ट एकच, ती म्हणजे खाण्याचा वास. आपण बरोबर चिवडा, शंकरपाळे किंवा लाडू नेणार असाल, तर पोहोचताच ते डबे स्वयंपाकघरात ठेवायला द्या, कारण माकडे व बबून दिवसाउजेडी तंबूत शिरतात आणि तरस रात्री वास काढत येतो. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचे नाही, हा नियम तिथे कोणीही मोडत नाही. जेवणाला जाताना आणि परतताना पहारेकरी, ज्याला तिकडे अस्कारी म्हणतात, विजेरी घेऊन सोबत येतो, आणि अडचण आली तर त्याला बोलावण्यासाठी तंबूत शिटी किंवा वायरलेस ठेवलेला असतो. भिंतीचे काम तिथे ही शिस्त करते.

माझ्या पहिल्या रात्री अडीचच्या सुमारास उशाशी, कॅनव्हासच्या पलीकडे हातभर अंतरावर, गवत तोडल्याचा आवाज येऊ लागला. गोठ्यात म्हैस वैरण ओढते तसा, पण कितीतरी जड. तो पाणघोडा होता. दिवसभर नदीत बसून रात्री चरायला निघणे हा त्याचा नेम आहे. मी श्वास रोखून पडून राहिले. तासाभराने तो चरत चरत नदीकडे उतरला आणि सकाळी तंबूच्या दोरीजवळ त्याच्या चार बोटांच्या पावलांचे ठसे स्पष्ट उमटलेले दिसले. त्याच प्राण्याच्या आणि पाण्याच्या मध्ये मी उभी असते, तर तो अतिशय धोकादायक ठरला असता. अस्कारीशिवाय बाहेर पडू नये ते याचसाठी.

आता लॉजविषयी. लहान कॅम्प मसाई मारा राखीव क्षेत्राच्या हद्दीत आहे की शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, हेही विचारा. मसाई कुटुंबांनी आपापल्या मालकीच्या जमिनी एकत्र करून पर्यटनासाठी भाड्याने दिल्या, त्यांतून ही क्षेत्रे उभी राहिली. २०१० मध्ये सुरू झालेल्या नाबोइशो या कॉन्झर्व्हन्सीत पाचशेहून अधिक जमीनमालक आहेत आणि त्यांना दरमहा भाडे मिळते. तंबूंची संख्या जमिनीच्या प्रमाणात मर्यादित ठेवलेली असल्याने, ऑगस्टमध्ये राखीव क्षेत्रात एका सिंहाभोवती जसा गाड्यांचा गराडा पडतो, तसा इथे पडत नाही; एका प्राण्याजवळ साधारणपणे पाचच गाड्या थांबू देतात. वाटाड्यासोबत पायी फिरणे आणि रात्रीची सफारी यांना राखीव क्षेत्रात परवानगी नाही, इथे आहे. मोठ्या लॉजमध्ये पोहण्याचा तलाव मिळेल, पण ही शांतता मिळणार नाही.

सोयींची कल्पना आधीच असू द्या. अनेक कॅम्पमध्ये आंघोळीचे गरम पाणी सांगितलेल्या वेळी बादलीने आणून तंबूमागच्या टाकीत वर चढवतात. ते एका माणसाला पुरते, फक्त साबण लावताना तोटी बंद करावी लागते. वीज सौरऊर्जेची असते. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असल्याने ऑगस्टच्या पहाटे थंडी चांगलीच जाणवते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी न्यायला विसरू नका.

यजमानांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा होकार मात्र आधी घ्याच. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून ‘आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स’ची रुग्णविमाने चालतात, अशा विमानाने हलवण्याचा खर्च आपल्या प्रवासविम्यात धरला आहे का, तेही तपासा. औषधे गरजेच्या दुप्पट बरोबर न्या आणि हातातल्याच पिशवीत ठेवा.

जेवणाची चिंता करू नका, मात्र आरक्षणातच ‘मांस, मासे, अंडी नाही’ असे स्पष्ट कळवा. पूर्व आफ्रिकेत भारतीय माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे चपातीला स्वाहिलीतही चपातीच म्हणतात. मुगाची ‘न्डेंगू’, राजम्यासारखी ‘महारागवे’ आणि परतलेली हिरवी पालेभाजी ‘सुकुमा विकी’ हे तिथले रोजचे जेवण आहे आणि आपल्या जिभेला ते परके वाटत नाही.

प्रश्न : केनियाला जाताना पीतज्वराची लस घ्यावीच लागते का? आणि लहान विमानात सामान किती नेता येते? — एक वाचक, पुणे

उत्तर : भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी चालते. साठी ओलांडलेल्यांना या लशीचा त्रास होण्याची शक्यता थोडी अधिक असते, म्हणून सांगलीच्या वाचकांनीही डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. हिवतापाच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. विल्सनहून सुटणाऱ्या लहान विमानात बहुधा माणशी पंधरा किलो सामान चालते, आणि पिशवी मऊ कापडाची हवी, कारण सामानाच्या अरुंद कप्प्यात चाकांची कडक बॅग मावत नाही. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर केनियात २०१७ पासून बंदी असल्याने कपडे कापडी पिशव्यांतच बांधावेत.