पाना-पक्कड : गोट्यांचा सेट घ्यायचाय, पण कोणता?

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडे बाबांची जुनी स्प्लेंडर आहे, कॉलेजला तीच नेतो आणि पावसाळ्यात मित्रांबरोबर पातालपाणी, जानापाव हेही तिच्यावरच. मागच्या सर्व्हिसला गॅरेजवाल्याने ऑइलच्या बोल्टचे कोपरे पार गोल करून दिले, तेव्हापासून ठरवलंय की ऑइल, प्लग, चेन एवढं तरी घरीच करायचं. ऑनलाइन ४६ पीसचा गोटी सेट (गोटी म्हणजे नट-बोल्टच्या डोक्यावर बसवायचं सॉकेट) स्वस्तात दिसतोय, १०८ पीसचाही आहे, पण बाबा म्हणतात एवढ्याचं काय करणार, वर्कशॉप टाकतोयस का. कोणता घेऊ?
— एक विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बाबांचं बरोबर आहे, १०८ पीस नको. पण ४६ चाही नको, आणि ते का हे जरा नीट सांगतो कारण हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच.

तो ४६ पीसचा डबा उघडून बघ. बहुतेक सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो, रॅचेट (गोटी लावून फिरवायचा, एकाच दिशेने पकडणारा दांडा) पाव इंची, म्हणजे आपले दुकानदार ज्याला दोन सूत म्हणतात तो, गोट्या ४ एमएमपासून १४ पर्यंत आणि उरलेली गर्दी पेचकसच्या बिटांची. आता तुझ्या स्प्लेंडरचा ऑइलचा बोल्ट आहे १७ चा. म्हणजे ज्या कामासाठी तू सेट घेतोयस नेमकं तेच काम त्या डब्यातून होत नाही, आणि साडेचार-साडेपाचच्या गोट्या मात्र हौसेने दिल्यात, त्या मोटरसायकलवर कुठे लावायच्या ते मला तरी सापडलेलं नाही. १०८ वाल्यात १७ मिळेल, प्लगची गोटीही मिळेल, पण त्यात बहुधा पाव इंची आणि अर्धा इंची असे दोनच रॅचेट असतात, मधला ३/८ नसतो, आणि मोटरसायकलला खरा लागतो तो मधलाच.

म्हणून पीस मोजणं सोड. आधी एक वही घेऊन गाडीजवळ बस, कोणाकडून तरी रिंग पान्यांचा सेट मागून आण आणि जे जे तू स्वतः उघडणार आहेस तिथे पाना लावून माप लिहून काढ. हिरो, होंडा, यामाहा, सुझुकी या सगळ्यांचं मूळ जपानी, त्यामुळे तुला पुन्हापुन्हा तेच आकडे दिसतील : ८, १०, १२, १४, १७ आणि चाकांच्या एक्सलला १७, १९ किंवा त्याहून मोठं काहीतरी. ६ एमएमच्या बोल्टचं डोकं १० चं, कॉलरवाला असेल तर ८ चं, ८ एमएमच्या बोल्टचं १२, १० एमएमच्या बोल्टचं १४, ही जपानी रीत. जर्मन रीतीत त्याच ८ एमएमच्या बोल्टला १३ चं डोकं असतं, म्हणून तुझ्या हातात १३ ची गोटी नुसती पडून राहील आणि तुझ्या मित्राकडे केटीएम असेल तर त्याला तीच सारखी लागेल, वर टॉर्क्सचे म्हणजे चांदणीच्या खाचेचे बिटही लागतील. एकच सेट दोघांत घ्यायचा विचार असेल तर हे आधी बघा, नंतर भांडू नका.

आता रॅचेट. गोटीच्या मागचं चौकोनी भोक इंचात मोजतात, गोटी एमएमची असली तरी, त्यामुळे दुकानात घोळ होतो. पाव इंच म्हणजे दोन सूत, ३/८ म्हणजे तीन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. मी तुला तीन सूतच घे म्हणतो त्याचं कारण साधं गणित आहे. ६ एमएमच्या बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर (पिळण्याचा जोर मोजायचं माप) एवढाच जोर लागतो. तीन सूतच्या रॅचेटचा दांडा साधारण २० सेंटीमीटर, त्याच्या टोकाला तू दहा किलोचा जोर लावलास की २० न्यूटन-मीटर झाले, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट, आणि दहा किलो तर जवान पोरगा नकळत लावतो. अर्धा इंची रॅचेटचा दांडा आणखी लांब आणि डोकं जड, त्यावर बोल्ट किती घट्ट झाला हे हाताला कळतच नाही, कळतं तेव्हा अॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे बाहेर आलेले असतात. तीन सूतवर दांड्याच्या टोकाला न धरता डोक्याजवळ मूठ आवळून फिरव, जोर आपोआप कमी लागतो, मात्र दोन सूतवाल्यासारखं १७ च्या बोल्टपुढे हात टेकायची वेळ येत नाही.

मागच्या एक्सलचा नट ही वेगळी जात. त्याला ५० न्यूटन-मीटर आणि वर लागतात, तो सोडवायला रॅचेटवर पाय देऊन उभं राहणारे लोक मी पाहिलेत, आतले दात तुटतात आणि गुडघा सायलेन्सरवर. तिथे लांब दांड्याचा रिंग पाना घे आणि लक्षात ठेव की एक्सल दोन्ही बाजूंनी धरावा लागतो, इकडून नट फिरवशील तर तिकडून डोकं फिरू नये म्हणून दुसरा पाना हवा. म्हणजे मोठ्या मापांत गोटी कमी आणि रिंग पाने जास्त, हा हिशोब आहे.

गोटी सहा कोनीच घे. आतून बघितलंस की कळतं, काहींना सहा कोपरे असतात, काहींना बारा. बारावाली कुठल्याही कोनातून चटकन बसते हे खरं, पण ती बोल्टच्या कोपऱ्यांनाच धरते, सहावाली सपाट बाजूंवर जोर टाकते. तुझ्या ऑइलच्या बोल्टचं जे झालं ते बहुतेक बारावाल्या नाहीतर झिजलेल्या पान्याचंच काम असावं. आणि गोटीच्या तोंडाला आतून जो उतार दिलेला असतो तो बघ. स्वस्त गोट्यांत तो फार खोल असतो, पातळ डोक्याच्या बोल्टवर गोटी बसलीय असं वाटतं पण पकड वरच्या दोनेक एमएमलाच असते, मग सटकते. खिशात गाडीचा एक स्वच्छ, १० च्या डोक्याचा बोल्ट घेऊनच दुकानात जा, गोटीत घालून हलवून बघ. थोडं खेळणं चालतं, डगडगणं नाही.

रॅचेटची परीक्षाही काउंटरवरच होते. गोटीत तोच बोल्ट घाल, त्याच्या आट्यांना दोन बोटांनी हलकं धर आणि दांडा उलट्या दिशेने फिरव. टिकटिक होऊन बोल्ट तुझ्या बोटांत जागच्या जागी राहिला तर चांगला, बोल्टही मागे फिरायला लागला तर ठेवून दे, कारण गाडीवर सैल नट काढताना तो एक पाऊल पुढे एक पाऊल मागे करत बसेल. दात ७२ असतील तर उत्तम, ५ अंश फिरवलं तरी पुढचा दात पकडतो, २४ दातांच्या रॅचेटला १५ अंश लागतात आणि फुटरेस्टच्या मागे तेवढी जागा मिळेलच असं नाही.

मग घ्यायचं काय : तीन सूतचा रॅचेट, सहा कोनी गोट्या ८, १०, १२, १४, १७, १९, एक्स्टेन्शन (रॅचेट आणि गोटीच्या मध्ये लावायचा दांडा) एक छोटं एक सहा इंची, प्लगची १६ ची गोटी आतल्या रबरासकट (प्लग उतरवून माप बघूनच घे, टूलकिटमध्ये कंपनीचा प्लग पाना शिल्लक असेल तर तीही नको). याशिवाय ८, १० आणि १२ चे टी पाने, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे. जुन्या मिस्त्रींच्या हातात रॅचेटपेक्षा टी पानाच जास्त दिसतो ते उगाच नाही, साइड कव्हरचे बोल्ट तळहाताने गरगर फिरवत काढायला त्याच्यासारखं काही नाही आणि जास्त कसण्याची भीतीही कमी. खरं सांगायचं तर टी पाने आणि रिंग पाने एवढ्यावरच स्प्लेंडरची निम्मी सर्व्हिस होते, पण तू गोटी सेट विचारलास म्हणून.

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत फिरलास तर सुट्या गोट्या मिळतात, भरलेला डबा घ्यायची सक्ती नाही. दुकानदार आधी "भिया पूरा सेट ले जाओ, सस्ता पड़ेगा" म्हणेल, म्हणू दे. टपारिया नाशिकची, तिच्या गोट्या घरच्या कामाला वर्षानुवर्षं पुरतात, दुसऱ्याही चांगल्या कंपन्या आहेत, फक्त गोटीवर माप आणि क्रोम व्हॅनेडियम कोरलेलं हवं, नुसतं स्टिकर नको.

तो गोल झालेला बोल्ट आता काढायचा तर इंजिन थोडं कोमट कर, सहा कोनी १७ ची गोटी त्यावर हलकी हातोडी मारून बसव आणि मग सोडव, निघाला की तो बोल्ट परत लावू नकोस, नवा घे, वॉशरही नवा. लावताना आधी बोटांनी दोन-तीन आटे चढव, बोटांनी चढत नसेल तर वाकडा बसतोय, पाना अजिबात लावू नकोस. प्लगचं उलट आहे, तो इंजिन पूर्ण थंड असतानाच काढायचा, गरम हेडमधून काढला तर आटे ओढले जातात.

प्रश्न : टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसायचा मापाचा पाना) घ्यावा का? माझ्याकडे गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आहे आणि त्यात प्रत्येक बोल्टचा आकडा दिलेला आहे. कारसाठी घेतलेला अर्धा इंची टॉर्क रेंच घरी आहे, तो चालेल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मॅन्युअल वाचणारा वाचक भेटला, बरं वाटलं. कारचा रेंच मात्र चालणार नाही, निदान सगळीकडे नाही. त्याच्या दांड्यावर बघा, बहुतेक ४० पासून पुढेच आकडे असतील आणि तुमच्या गाडीचे निम्मे बोल्ट १० ते ३० मधले. शिवाय क्लिकवाले रेंच आपल्या मोजमापाच्या अगदी खालच्या टोकाला भरवशाचे नसतात, मधल्या आणि वरच्या भागात नीट दाखवतात. एक्सलच्या नटाला तो खुशाल वापरा. लहान बोल्टांसाठी घ्यायचाच असेल तर तीन सूतचा, ५ किंवा १० पासून सुरू होऊन ५०-६० पर्यंत जाणारा घ्या. टॉर्क रेंचने नट सोडवू नका, काम झालं की स्प्रिंग खालच्या आकड्यावर आणून ठेवा. आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेले असतील तर दहाने गुणा, न्यूटन-मीटर जवळजवळ तेच येतात.

आणि रेंच नसेल तरी प्लग लावता येतो. नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा, त्यात वॉशर दबतो. जुनाच परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा अर्ध्या फेऱ्याच्या नादाला लागू नका, फेऱ्याचा आठवा भाग पुष्कळ.

प्रश्न : वडिलांची जुनी बुलेट कितीतरी वर्षांनी सुरू करायला काढली आहे. एमएमचा नवा कोरा गोटी सेट घेतला पण १३ ची गोटी बसत नाही आणि १४ ची सैल पडते. सेट खराब निघाला का? बदलून घेऊ?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : सेट बदलायला जाऊ नका, दुकानदार बिचारा निर्दोष आहे. मद्रासला १९५५ मध्ये एनफील्ड इंडिया सुरू झाली ती इंग्लंडच्या गाडीवर, आणि इंग्लंडचे नट-बोल्ट तिच्याबरोबर आले ते पुढे बरीच वर्षं राहिले. त्या जुन्या इंग्रजी, म्हणजे व्हिटवर्थ, पद्धतीत पाना बोल्टच्या जाडीवरून ओळखतात, डोक्याच्या मापावरून नाही. तुमचा जो नट अडलाय तो पाव इंची व्हिटवर्थ असणार, त्याचं डोकं भरतं सुमारे १३.३ एमएम, म्हणजे १३ त जाणार नाही आणि १४ घातला तर कोपरे खाणार. त्याच्या वरचा ५/१६ चा भरतो १५.२, तोही धड १५ त नाही धड १६ त नाही. ३/८ चा मात्र १८ एमएमच्या इतका जवळ आहे की गोटी बसून जाते, म्हणून लोक फसतात, एक बसली म्हणजे सगळ्या बसतील असं वाटतं.

साधा इंची सेट आणूनही भागणार नाही, बाजारात इंची म्हणून जो मिळतो तो अमेरिकन मापाचा, अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, पुढचा ९/१६ म्हणजे १४.३, दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत. पान्यावर डब्ल्यू किंवा बीएस लिहिलेलं बघून घ्या. नव्या सेटसाठी धावण्याआधी ग्वाल्हेरच्या जुन्या बुलेट मिस्त्रींकडे विचारा आणि घरी वडिलांची टूलची पेटी माळ्यावर असेल तर ती आधी उतरवा, त्यात हेच पाने असण्याची शक्यता फार आहे. आणि एक बघा, मध्ये कोणी नट बदललेले असतील तर एकाच गाडीवर दोन्ही मापं निघतील. व्हर्नियर कॅलिपर जवळ ठेवा, प्रत्येक नट मोजा, अंदाजाने गोटी ठोकू नका.

प्रश्न : काळ्या रंगाच्या इम्पॅक्ट गोट्या जास्त मजबूत असतात म्हणे, त्याच घेतल्या तर?
— एक वाचक, महू

उत्तर : मजबूत असतात, पण नट-बोल्ट झटके देत फिरवणाऱ्या हवेच्या किंवा बॅटरीच्या गनसाठी असतात. भिंती जाड, त्यामुळे बोल्ट खाचेत बसलेला असेल तर गोटी आत शिरतच नाही, आणि मोटरसायकलवर अशा खाचा पावलोपावली. हाताने काम करायचं तर चकचकीत पातळ भिंतीच्याच घ्या. उलटं मात्र कधी करू नका, चकचकीत गोटी गनवर लावली तर ती तडकून तुकडा उडू शकतो, डोळ्यांचा प्रश्न आहे.