बी.एस्सी.च्या शिष्यवृत्तीचे अर्ज नक्की कसे तपासतात? बारावीला ७४ टक्के आहेत, मी गुहागरची. अर्ज करण्यात अर्थ आहे का?

आहे, नक्की करा. फक्त कुठे करताय ते बघा. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर'मध्ये वर्षाला ८०,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात किंवा जेईई-नीटसारख्या परीक्षेत वरच्या क्रमांकात असावं लागतं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजनांत कॉलेज आणि सरकारी खातं कागदपत्रं पडताळतात. तिथे मनोगत कोणी मागत नाही. उरतात ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या. रत्नागिरीतल्या अशा एका ट्रस्टचे अर्ज मी सहा वर्षं तपासतोय, त्यातलंच सांगतो.

आमच्याकडे १०० गुण असतात: बारावीचे ३०, घरची परिस्थिती ३०, मनोगत ३०, शिफारसपत्र १०. प्रत्येक अर्ज दोघं जण वेगवेगळे वाचतात. दोघांत १५ पेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा वाचतो. आता तुमचा हिशेब करा. ७४ टक्क्यांना ३० पैकी २२ मिळतात, ८८ टक्केवाल्याला २६. फरक चारच गुणांचा! मनोगतात मात्र कुणाला ८ पडतात, कुणाला २७.

आठ कुणाला, तर 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे' एवढ्यावरच पान भरणाऱ्याला. आवड आहे हे आम्ही धरूनच चालतो, ती कशात दिसली ते लिहा.

पावसकडच्या एका मुलीने हापूसमधल्या साक्यावर, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो त्या दोषावर लिहिलं होतं. काढल्यावर उन्हात राहिलेले वीस आणि लगेच सावलीत नेलेले वीस आंबे पिकल्यावर कापून, साका किती निघाला ते तिने वहीत मांडलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'पन झाडं वेगळी होती, म्हनून खात्रीने सांगता येत नाही.' मी त्या 'पन' आणि 'म्हनून'वर अडलो आणि एकूण गुणांत तिला फार खाली ठेवलं. दुसऱ्या परीक्षकांनी मनोगताला २७ दिले होते. अर्ज तिसऱ्याकडे गेला, मग आम्ही तिघं एकत्र बसलो. पुन्हा वाचताना लक्षात आलं, स्वतःच्या प्रयोगातली उणीव स्वतःहून सांगणारा तो त्या वर्षीचा एकमेव अर्ज होता. माझी चूक होती, आणि तिची मला अजून टोचणी आहे. तेव्हापासून आम्ही शुद्धलेखनाचे गुण कापत नाही.

शिफारसपत्र प्राचार्यांचंच हवं असं नाही. ज्या सरांनी वा मॅडमनी तुम्हाला प्रॅक्टिकल करताना पाहिलंय, त्यांच्याकडून घ्या. 'विद्यार्थिनी हुशार व मेहनती आहे' एवढंच असलं तर दहापैकी तीन-चार. 'टायट्रेशनची रीडिंग्ज जुळेनात तेव्हा थांबून पुन्हा केलं' असं असलं तर आठ-नऊ.

आणि एक. दरवर्षी चांगले अर्ज पहिल्याच छाननीत, आमच्यापर्यंत यायच्या आधी बाद होतात, कारण उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा असतो. तहसीलदारांचा चालू वर्षाचा दाखला लागतो. सेतू केंद्रात आत्ताच अर्ज टाका. प्रवेशाची गर्दी सुरू झाली की फार ताटकळावं लागतं.