नव्या शेगडीला मागची जुनी नळी चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: ओव्हनवाली जुनी शेगडी बदलताय, तिच्या मागची धातूची पन्हळी नळी दिसायला ठणठणीत आहे, गळतही नाही. मग तीच नव्या शेगडीला जोडली तर काय बिघडलं?

जोडू नका. गॅसच्या जोडण्या करणं हे माझं रोजचं काम आहे आणि या एका बाबतीत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

नळी गळत नाही, हे ती एका जागी पडून आहे तोवरचं. तिचा पत्रा अगदी पातळ असतो, पन्हळ पाडलेली असते म्हणूनच ती वळते. पण हे वळणं तिला फार वेळा सोसत नाही. बसवताना एकदा वाकली, साफसफाईसाठी शेगडी पुढे ओढली तेव्हा पुन्हा, मागे ढकलली तेव्हा पुन्हा. दर खेपेला पन्हळीच्या खाचेतला धातू थोडा कडक होतो आणि शेवटी तिथेच केसाएवढी चीर जाते. वरून बघून ती ओळखणं कठीण. त्यामुळे नवं उपकरण आलं की नवी नळी, असा साधा हिशेब ठेवा. उपकरणाच्या मानाने ती स्वस्तच असते.

नळी पितळी असेल आणि वर कसलंच आवरण नसेल, तर जास्त सांभाळून. अशा नळ्या बनणं कित्येक दशकांपूर्वीच थांबलं. नळीला टोकाचा तुकडा ज्या तऱ्हेने जोडलेला असायचा, त्यातच खोट होती. सांधा कमकुवत होऊन टोक निखळायचं. अमेरिकेतल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने यावर इशारा दिला होता आणि त्यातली मेख अशी, की नळी कुठली आहे हे पाहायला उपकरण पुढे ओढू नका. त्या हिसक्यानेच ती तुटू शकते. शंका असेल तर हात न लावता जाणकाराला बोलवा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. शेगडीमागे किंवा शेजारच्या कपाटात फरशी पुसायची औषधं ठेवलेली असतात. अमोनियाच्या वाफेने ताणाखालच्या पितळेला चिरा जातात आणि ब्लीचमधला क्लोरीन स्टेनलेस स्टीललाही खातो. त्या बाटल्या दुसरीकडे हलवा.

नवी नळी बसवताना आधी मागचा कॉक बंद करा. दोन पाने (स्पॅनर) वापरा, एकाने फिटिंग धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने नट आवळायचा. एकाच पान्याने जोर लावला तर नळीला पीळ बसतो आणि पन्हळी नळीला पीळ अजिबात सोसत नाही. फ्लेअर नटाच्या, म्हणजे तिरक्या तोंडाच्या सांध्यावर आवळायच्या नटाच्या, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे गॅस अडतो तो धातूच्या दोन तिरक्या तोंडांमुळे, आट्यांमुळे नव्हे. टेप किंवा गॅसला चालणारा लेप लागतो तो निमुळत्या पाइप-आट्यांवर. नळी आखूड पडली तर दोन नळ्या एकमेकींना जोडू नका, मापाची एकच आणा. भिंतीतून किंवा फरशीखालून तर ती कधीच नेऊ नका. तिथे पक्का पाइप लागतो.

मग कॉक उघडून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. काडी ओढून बघू नका, हे सांगायला नकोच. लावतानाचे बुडबुडे फुटून जातात. एकाच जागी बुडबुडा पुन्हा पुन्हा फुगत राहिला, तर तो गॅस. अशा वेळी नट आणखी आवळत बसण्यापेक्षा कॉक बंद करून सांधा सोडा आणि फ्लेअरचं तोंड नीट बघा. बऱ्याचदा तिथे ओरखडा तरी असतो नाहीतर कचऱ्याचा कण. कण असेल तर पुसून पुन्हा बसवा, ओरखडा असेल तर तो भाग बदला. तपासून झालं की साबण पुसून काढा.